सैन्यदलातील वैद्यकीय अधिकाऱ्यांची पदोन्नती : स्वरूप, प्रक्रिया आणि काही प्रश्न

गोषवारा

सैन्यदलातील वैद्यकीय अधिकारी हा एकाच वेळी डॉक्टर आणि लष्करी अधिकारी असतो. त्यामुळे त्याची उन्नतीही दोन स्वतंत्र मार्गांनी होते. एक मार्ग लष्करी हुद्द्याचा व दुसरा वैद्यकीय व्यवसायातील श्रेणीचा. हुद्द्याच्या मार्गाचेही दोन टप्पे आहेत. लेफ्टनंट कर्नलपर्यंतचे हुद्दे प्रामुख्याने सेवेच्या कालावधीवर मिळतात, तर त्यापुढील हुद्दे रिक्त पदे व निवड यांवर अवलंबून असतात. प्रस्तुत लेखात भारतीय सैन्यदलांच्या वैद्यकीय सेवेतील या व्यवस्थेचे स्वरूप स्पष्ट केले असून, महाविद्यालयीन अध्यापकांच्या पदोन्नतीशी तिची तुलना केली आहे.

१. प्रस्तावना

वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकांना ‘इंडियन मेडिसिनल प्लांट्स’ हा १९१८ मध्ये प्रसिद्ध झालेला ग्रंथ ‘कीर्तिकर-बसू’ या जोडनावाने परिचित आहे. या ग्रंथकारांपैकी कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे लेफ्टनंट कर्नल होते, तर वामनदास बसू हे मेजर. दोघेही इंडियन मेडिकल सर्व्हिस या लष्करी वैद्यकीय सेवेतून निवृत्त झालेले डॉक्टर होते. औषधी वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांच्या नावामागे लष्करी हुद्दे कसे आले, आणि एक मेजर तर दुसरा लेफ्टनंट कर्नल कशामुळे, हा प्रश्न ग्रंथ हाताळताना सहसा कोणाच्या मनात येत नाही.

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय महाराष्ट्रातच असल्याने विज्ञान शाखेतील अनेक विद्यार्थी या सेवेकडे आकृष्ट होतात व मार्गदर्शनासाठी प्रथम आपल्या प्राध्यापकांकडे येतात. त्यांना प्रवेशपरीक्षेची माहिती मिळते. परंतु प्रवेशानंतर वीस वर्षांनी आपण कोठे असू, याची कल्पना त्यांना क्वचितच दिली जाते. ‘लष्करात डॉक्टरला आपोआप बढती मिळते’ हा एक समज आणि ‘ज्याला बढती मिळाली नाही तो डॉक्टर कमी प्रतीचा’ हा दुसरा. हे दोन्ही समज चुकीचे आहेत, आणि दोन्हींचे मूळ उन्नतीच्या वेगवेगळ्या मार्गांची गल्लत करण्यात आहे. ती गल्लत दूर करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

डॉक्टरला लष्करी हुद्दा असावा की नसावा, हा एकेकाळी वादाचा विषय होता. ब्रिटिश सैन्यात डॉक्टरांना दीर्घकाळ पूर्ण लष्करी हुद्दा नव्हता. छावणीची जागा, पिण्याचे पाणी, शौचकूप यांसंबंधी त्यांनी दिलेला सल्ला मानणे वा न मानणे हे सेनाधिकाऱ्याच्या मर्जीवर राही. क्रिमियाच्या युद्धात (१८५३-५६) शत्रूच्या शस्त्रांपेक्षा रोगांनी अधिक सैनिक दगावले, आणि हा प्रश्न किती गंभीर आहे हे सर्वांच्या ध्यानात आले. अखेर १८९८ मध्ये रॉयल आर्मी मेडिकल कोअरची स्थापना होऊन डॉक्टरांना इतर अधिकाऱ्यांसारखे हुद्दे प्राप्त झाले. म्हणजे डॉक्टरचा हुद्दा हा केवळ मानाचा विषय नव्हता. त्याच्या शब्दाला वजन यावे यासाठी तो आवश्यक ठरला होता.

इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये १८५५ पासून स्पर्धापरीक्षेद्वारे भारतीयांना प्रवेश मिळू लागला. विसाव्या शतकाच्या आरंभी या सेवेतील क्रम साधारणतः असा होता : लेफ्टनंट म्हणून प्रवेश, तीन वर्षांनी कॅप्टन, बारा वर्षांनी मेजर आणि वीस वर्षांनी लेफ्टनंट कर्नल. त्यापुढे मात्र निवड होई. कीर्तिकर व बसू यांच्या हुद्द्यांचा उलगडा या कालबद्ध क्रमावरून बऱ्याच अंशी होतो. काही काळ आपोआप बढती व त्यानंतर निवड, हा आराखडा आजही कायम आहे. बदलली ती वर्षांची संख्या.

३ एप्रिल १९४३ रोजी लष्करातील तोपर्यंतच्या स्वतंत्र वैद्यकीय सेवा एकत्र करून इंडियन आर्मी मेडिकल कोअर निर्माण करण्यात आली. आजच्या आर्मी मेडिकल कोअरचा स्थापनादिन म्हणून हाच दिवस पाळला जातो. स्वातंत्र्यानंतर डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींस अनुसरून तिन्ही दलांच्या वैद्यकीय सेवांचे एकत्रीकरण करण्यात आले आणि १ मे १९४८ रोजी पुण्यात सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय अस्तित्वात आले. तेथे पदवीपूर्व शिक्षणास ४ ऑगस्ट १९६२ पासून प्रारंभ झाला.

३. सेवेतील प्रवेश आणि प्रारंभीचा हुद्दा

वैद्यकीय अधिकारी होण्याचे दोन प्रमुख मार्ग आहेत. पहिला मार्ग पुण्याच्या महाविद्यालयातून एमबीबीएस पूर्ण करून कमिशन घेण्याचा. दुसरा मार्ग नागरी महाविद्यालयातून एमबीबीएस वा पदव्युत्तर पदवी घेऊन अल्पसेवा कमिशनसाठी मुलाखतीस जाण्याचा. अल्पसेवा कमिशन प्रथम पाच वर्षांचे असते व ते टप्प्याटप्प्याने एकूण चौदा वर्षांपर्यंत वाढविता येते. अशा अधिकाऱ्यास विहित अटींनुसार स्थायी कमिशनसाठीही प्रयत्न करता येतो. हा फरक विद्यार्थ्यांच्या ध्यानात आणून देणे अगत्याचे आहे. वरिष्ठ हुद्द्यांची वाट स्थायी कमिशनमधून जाते. अल्पसेवेतील अधिकारी ती वाट सुरू होण्याच्या सुमारास सेवेबाहेर पडत असतो.

पायदळाचा अधिकारी लेफ्टनंट म्हणून सुरुवात करतो. डॉक्टरचे शिक्षण दीर्घ असल्याने आंतरवासिता पूर्ण होऊन वैद्यक परिषदेत कायम नोंदणी झाल्यावर तो कॅप्टन या हुद्द्यावर काम करू लागतो. पदव्युत्तर अर्हता असल्यास काही मुदतीची पूर्वदिनांकित ज्येष्ठताही दिली जाते. नव्या अधिकाऱ्यास लखनौ येथील आर्मी मेडिकल कोअर केंद्र व महाविद्यालयात प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. तेथे त्याला युद्धभूमीवरील जखमींची व्यवस्था, छावणीचे आरोग्य, लष्करी कायदा व प्रशासन यांची ओळख करून दिली जाते. त्यानंतर पुष्कळांची नेमणूक एखाद्या पलटणीचा वैद्यकीय अधिकारी म्हणून होते.

४. कालबद्ध पदोन्नती

अजय विक्रम सिंह समितीच्या शिफारशींचा पहिला टप्पा १६ डिसेंबर २००४ पासून लागू झाला. त्यानुसार सैन्याच्या सर्वसाधारण शाखांत दोन वर्षांनी कॅप्टन, सहा वर्षांनी मेजर व तेरा वर्षांनी लेफ्टनंट कर्नल असा क्रम निश्चित झाला. तत्पूर्वी लेफ्टनंट कर्नल हा निवडीचा हुद्दा होता. वैद्यकीय अधिकारी कॅप्टन म्हणूनच कामास लागत असल्याने त्याला मेजर व लेफ्टनंट कर्नल हे हुद्दे सर्वसाधारण शाखेतील अधिकाऱ्यापेक्षा कमी वर्षांत मिळतात.

‘कालबद्ध’ याचा अर्थ ‘विनाअट’ असा नव्हे. विहित अभ्यासक्रम व परीक्षा, समाधानकारक गोपनीय अहवाल, शिस्तभंगाच्या कारवाईचा अभाव आणि वैद्यकीय योग्यता या अटी पूर्ण कराव्या लागतात. वैद्यकीय योग्यता ‘शेप’ या पद्धतीने ठरते. तीत मानसिक स्वास्थ्य, श्रवणशक्ती, हातपाय, शारीरिक क्षमता व दृष्टी या पाच अंगांची प्रतवारी केली जाते. इतरांची योग्यता ठरविणाऱ्या डॉक्टरलाही स्वतः या तपासणीतून जावे लागते. तथापि या टप्प्यावर स्पर्धा नसते. अटी पूर्ण करणाऱ्या प्रत्येकास हुद्दा मिळतो. रिक्त पदाची वाट पाहावी लागत नाही.

५. निवडीने होणारी पदोन्नती

कर्नल या हुद्द्यापासून चित्र बदलते. कर्नल, ब्रिगेडिअर, मेजर जनरल आणि लेफ्टनंट जनरल यांची पदे मोजकी असतात व प्रत्येक पायरीवर ती कमी होत जातात. येथे पदोन्नती म्हणजे विशिष्ट पदावरील नेमणूक होय. कर्नल हा अधिकारी एखाद्या डिव्हिजनच्या मुख्यालयात वैद्यकीय सेवेचा प्रमुख असतो वा रुग्णालयाची धुरा सांभाळतो. कोअरच्या स्तरावर ब्रिगेडिअर असतो, तर कमांडच्या स्तरावर मेजर जनरल. पुण्याच्या दक्षिण कमांड रुग्णालयाचा प्रमुखही मेजर जनरल हुद्द्याचा असतो. सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाचे कमांडंट हे पद लेफ्टनंट जनरल वा तत्सम हुद्द्याचे आहे.

निवडीचे काम पदोन्नती मंडळ करते. ज्येष्ठतेनुसार ठराविक तुकडीतील अधिकाऱ्यांचे अभिलेख एकत्रित विचारात घेतले जातात. त्यांत वार्षिक गोपनीय अहवालांचा वाटा सर्वांत मोठा असतो. शिवाय नेमणुकांचे स्वरूप, अभ्यासक्रमांतील कामगिरी, सन्मान, शिक्षा व वैद्यकीय प्रतवारी हेही पाहिले जाते. डॉक्टरच्या गोपनीय अहवालाचे वैशिष्ट्य असे की, लष्करी वरिष्ठांबरोबर तांत्रिक वरिष्ठही मत नोंदवितात. पलटणीचा कमांडिंग अधिकारी आपल्या डॉक्टरची शिस्त, तत्परता व नेतृत्व पारखू शकतो. परंतु त्याने केलेले निदान बरोबर होते की नाही, हे ठरविण्यास दुसरा डॉक्टरच लागतो.

सैन्यातील रूढ पद्धतीप्रमाणे अधिकाऱ्याचा विचार मंडळापुढे साधारणतः तीन वेळा होतो. त्यांत निवड न झाल्यास पुढील वाट बंद होते. अशा अधिकाऱ्यास दीर्घ सेवेनंतर कालबद्ध कर्नल हा हुद्दा मिळू शकतो. सर्वसाधारण शाखांसाठी ही मुदत २००४ च्या निर्णयानुसार सव्वीस वर्षांची ठरली. मात्र कालबद्ध कर्नल हा निवडीने झालेल्या कर्नलच्या जागेवर बसत नाही. तो लेफ्टनंट कर्नलसाठी असलेल्या पदावरच काम करीत राहतो.

निवड न होण्यात नेमके काय गमावले जाते, हे वेतनाच्या आकड्यांवरून स्पष्ट होते. सातव्या वेतन आयोगाच्या रचनेत प्रारंभीचे मूळ वेतन मेजरला ६९,४०० रुपये, लेफ्टनंट कर्नलला १,२१,२०० रुपये आणि कर्नलला १,३०,६०० रुपये आहे. म्हणजे सर्वांत मोठी उडी कालबद्ध टप्प्यातच पूर्ण होते. लेफ्टनंट कर्नल व कर्नल यांच्या प्रारंभीच्या वेतनातील अंतर अवघे ९,४०० रुपये आहे. लष्करी सेवा वेतनाचे १५,५०० रुपये लेफ्टनंटपासून ब्रिगेडिअरपर्यंत सर्वांना सारखेच मिळतात. डॉक्टरांना खासगी व्यवसाय न करण्याबद्दल मूळ वेतनाच्या २० टक्के भत्ताही दिला जातो. यावरून असे दिसते की, निवड न झालेल्या डॉक्टरचे आर्थिक नुकसान त्या मानाने मर्यादित असते. तो गमावतो ते अधिकारपद, निर्णयाचे स्वातंत्र्य आणि आपल्या तुकडीतील सहकाऱ्यांच्या बरोबरीचे स्थान. कालपर्यंतचा कनिष्ठ सहकारी वरिष्ठ म्हणून समोर येतो, आणि तरीही त्याच वॉर्डात, त्याच निष्ठेने काम करावे लागते.

६. व्यावसायिक श्रेणीची दुसरी शिडी

येथे दुसऱ्या शिडीचे महत्त्व लक्षात येते. पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केलेला अधिकारी प्रथम ‘ग्रेडेड स्पेशालिस्ट’ होतो. काही वर्षांच्या अनुभवानंतर, पात्रतेची तपासणी होऊन तो ‘क्लासिफाइड स्पेशालिस्ट’ ठरतो. त्यापुढे ‘सीनिअर अॅडव्हायझर’ व ‘कन्सल्टंट’ या पायऱ्या आहेत. अध्यापन करणाऱ्यांना सहायक, सहयोगी व प्राध्यापक ही पदनामे वैद्यकीय शिक्षणाच्या नियमांनुसार स्वतंत्रपणे मिळतात. पुण्याचे महाविद्यालय नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असल्याने विद्यापीठीय चौकटही त्यांना लागू होते.

ही शिडी ज्ञान व अनुभव यांवर उभी आहे. हुद्द्याच्या शिडीवर थांबलेला शल्यविशारद या शिडीवर तज्ज्ञ म्हणून मान्यता पावू शकतो. उलट, हुद्द्याने वर गेलेला डॉक्टर शस्त्रक्रियागृहापासून दूर जातो. कारण कर्नल, ब्रिगेडिअर यांच्या बहुसंख्य पदांवर खाटा, औषधसाठा, मनुष्यबळ, अंदाजपत्रक व निरीक्षण हीच कामे प्रमुख असतात. वैद्यकीय व शस्त्रक्रिया विभागांच्या वरिष्ठ कन्सल्टंटची पदे मेजर जनरल हुद्द्याची असली, तरी अशी पदे थोडी. रुग्णालय प्रशासनात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या अधिकाऱ्यास हा बदल स्वाभाविक वाटतो. वीस वर्षे रुग्ण तपासण्यात घालविलेल्या डॉक्टरला मात्र बढतीचा आदेश हाती पडताच आपल्या खऱ्या कामाचा निरोप घ्यावा लागतो की काय, अशी शंका येते. या व्यवस्थेतील मूलभूत पेच हाच आहे.

७. तिन्ही दलांची सामाईक सेवा

हुद्द्यांची नावे दलानुसार बदलतात. लष्करातील कॅप्टन, मेजर, लेफ्टनंट कर्नल व कर्नल यांना नौदलात अनुक्रमे सर्जन लेफ्टनंट, सर्जन लेफ्टनंट कमांडर, सर्जन कमांडर व सर्जन कॅप्टन म्हणतात. वायुदलात फ्लाइट लेफ्टनंट, स्क्वॉड्रन लीडर, विंग कमांडर व ग्रुप कॅप्टन. यामुळे लष्करातील कॅप्टन आणि नौदलातील कॅप्टन यांत तीन पायऱ्यांचे अंतर पडते, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

सेवा सामाईक असल्याने अधिकारी एका दलातून दुसऱ्या दलात जाऊ शकतो. डॉ. पुनिता अरोरा या २००४ मध्ये लेफ्टनंट जनरल हुद्द्यावर पोहोचलेल्या पहिल्या महिला ठरल्या व पुण्याच्या महाविद्यालयाच्या कमांडंट झाल्या. पुढे त्या नौदलात सर्जन व्हाइस अॅडमिरल झाल्या. त्याच वर्षी डॉ. पद्मा बंदोपाध्याय या वायुदलात एअर मार्शल झाल्या. डॉ. माधुरी कानिटकर २०२० मध्ये लेफ्टनंट जनरल झाल्या व निवृत्तीनंतर २०२१ मध्ये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये वायुदलात एअर मार्शल असलेल्या डॉ. साधना नायर लेफ्टनंट जनरल म्हणून लष्कराच्या वैद्यकीय सेवा महासंचालक झाल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये डॉ. आरती सरीन यांनी सशस्त्र सेना वैद्यकीय सेवांच्या महासंचालकपदाची सूत्रे स्वीकारली. त्यांनी तिन्ही दलांत सेवा केली होती.

यांतून आणखी एक गोष्ट दिसते. सैन्याच्या अन्य अनेक शाखांतील महिलांना स्थायी कमिशनसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या १७ फेब्रुवारी २०२० च्या निर्णयापर्यंत थांबावे लागले; वैद्यकीय सेवेत मात्र तो मार्ग बऱ्याच आधीपासून खुला होता. सर्वोच्च हुद्द्यांपर्यंत पोहोचलेल्या पहिल्या महिला डॉक्टर असाव्यात, हा म्हणूनच योगायोग नव्हे. शिडीची पहिली पायरी ज्यांना वेळेवर मिळते, तेच तीस-पस्तीस वर्षांनी शेवटच्या पायरीवर दिसतात.

८. अध्यापकांच्या पदोन्नतीशी तुलना

महाविद्यालयीन अध्यापकांना ‘करिअर अॅडव्हान्समेंट’ योजनेमुळे कालबद्ध उन्नतीची कल्पना परिचित आहे. या योजनेत ठराविक सेवा व विहित निकष पूर्ण केल्यावर वरची श्रेणी मिळते आणि तीसाठी पद रिक्त असावे लागत नाही. केंद्र शासनाच्या नागरी डॉक्टरांसाठीही २९ ऑक्टोबर २००८ च्या आदेशाने अशीच योजना विस्तारित झाली. तीनुसार चार, नऊ, तेरा व वीस वर्षांच्या सेवेनंतर रिक्त पदांचा विचार न करता वरिष्ठ श्रेणी मिळतात. सैन्यातील डॉक्टरला असा लाभ पूर्णांशाने देता येत नाही. कारण येथे हुद्दा म्हणजे केवळ वेतनश्रेणी नसून आज्ञा देण्याचा अधिकार आहे. महाविद्यालयात एका विभागात तीन प्राध्यापक असू शकतात, पण एका रुग्णालयाला दोन कमांडंट असू शकत नाहीत.

दुसरा फरक पारदर्शकतेचा आहे. अध्यापकाच्या मूल्यमापनात २०१० पासून गुणांकनाची पद्धत आली व २०१८ च्या नियमांनी तीत बदल झाले. तिच्यातील दोष काहीही असोत, आपले गुण किती हे अध्यापकास कळते. ‘देव दत्त विरुद्ध भारत संघ’ या २००८ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने शासकीय सेवकाच्या गोपनीय अहवालातील प्रत्येक शेरा त्याला कळविला पाहिजे, असे सांगितले. परंतु सैन्याधिकाऱ्यांना त्यातून वगळले. अन्याय झाल्याची भावना असल्यास अधिकाऱ्यास तक्रारीचा मार्ग असतो. लष्करात १९५० च्या आर्मी अॅक्टच्या कलम २७ अन्वये वैधानिक तक्रार करता येते, आणि २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. न्यायाधिकरणाचे एक पीठ मुंबईतही आहे. तथापि न्यायालयीन तपासणी ही बहुधा प्रक्रियेची असते. मंडळाच्या गुणवत्तेविषयीच्या मताची जागा न्यायाधिकरण सहसा घेत नाही.

९. समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. (अ) वैद्यकीय अधिकाऱ्याचा लेफ्टनंट कर्नलपर्यंतचा प्रवास बराचसा निश्चित असतो. त्यापुढील प्रवास पदांच्या संख्येने मर्यादित केलेला असतो. (आ) कर्नल न होणे हा वैद्यकीय कौशल्यावरील अभिप्राय नव्हे. ते कौशल्य मोजणारी शिडी वेगळी आहे. (इ) वरिष्ठ हुद्दा स्वीकारताना डॉक्टरला रुग्णसेवेचा काही भाग सोडावा लागतो. म्हणून अनुभवी चिकित्सकांसाठी वरिष्ठ हुद्द्याची, परंतु प्रशासनाचा भार नसलेली पदे वाढविणे हा विचार करण्यासारखा उपाय आहे. (ई) या सेवेकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यास स्थायी व अल्पसेवा कमिशनमधील भेद आणि दोन शिड्यांचे स्वरूप प्रवेशापूर्वीच समजावून सांगितले पाहिजे.

शेवटी एका गोष्टीचा उल्लेख करणे उचित होईल. १९४९ च्या पहिल्या जिनिव्हा कराराचे कलम १२ असे सांगते की, जखमींवरील उपचारांचा अग्रक्रम केवळ वैद्यकीय निकडीवरूनच ठरावा. जखमी कर्नल आणि जखमी शिपाई शेजारीशेजारी पडलेले असतील, तर प्रथम कोणाकडे वळायचे हे त्यांच्या खांद्यावरील चिन्हे ठरवीत नाहीत; तो निर्णय पलटणीतील तरुण कॅप्टन डॉक्टर जखम पाहून घेतो. सैन्यात डॉक्टरला हुद्दा द्यावा लागला, तो असा निर्णय त्याला निर्भयपणे घेता यावा आणि त्याचा शब्द मानला जावा म्हणून. पदोन्नतीची कोणतीही पद्धत अखेरीस याच कसोटीवर तपासली पाहिजे.